हेडलाइटचा उजेड कमी पडतो: प्रखर बल्ब घेण्याआधी काय तपासायचं

रात्री रस्ता दिसत नाही म्हणून जास्त उजेडाचे बल्ब हवेत, ही तक्रार असलेल्या गाड्या मी वर्षानुवर्षं दुरुस्त करतोय. ‘उजेड कमी आहे’ एवढ्यावर दोष सापडत नाही. तो एका बाजूला कमी आहे की दोन्हीकडे, कायम कमी आहे की अधूनमधून, हे आधी बघावं लागतं. एखाद्या अंधाऱ्या, सरळ रस्त्यावर गाडी न्या आणि खालचं काय जुळतं ते पाहा.

लक्षणं

- दोन्ही दिवे मंद आणि तांबूस. बल्बपर्यंत पुरतं व्होल्टेज पोचत नाही.
- एकच बाजू मंद. त्या बाजूचं अर्थिंग (बॉडीला जोडलेली परतीची वायर), कपलर (बल्बला वीज देणारा प्लग), काच किंवा रिफ्लेक्टर (बल्बमागचा आरसा).
- इंजिन आयडलिंगला असताना मंद, रेस दिली की उजळ. दोष बल्बचा नाही. अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र), त्याचा पट्टा किंवा बॅटरी बघा.
- समोर उभं राहून दिव्याकडे पाहिलं तर डोळे दिपतात, पण रस्त्यावर उजेड नाही. उजेड तयार होतोय, जागेवर पडत नाही. काच पिवळी, बल्ब वाकडा बसलेला, किंवा झोताची दिशा चुकलेली.
- बंपरसमोरचा रस्ता लख्ख आणि पुढे काळोख. झोत फार खाली आहे.
- डिपरवर (खालच्या झोतावर) असतानाही समोरून येणारे सारखे अप्पर (वरचा झोत) मारतात. झोत फार वर आहे, किंवा हेडलाइटला न शोभणारा बल्ब बसवलाय.
- डिपर लावला की एका बाजूच्या बल्बच्या आतल्या दोन्ही तारा (फिलामेंट) अर्धवट पेटतात आणि डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवाही मिणमिणतो. एच४ बल्बच्या (एकाच बल्बमध्ये डिपर आणि अप्पर अशा दोन तारा असलेल्या) गाड्यांत हे अर्थिंग तुटल्याचं जवळजवळ खात्रीचं लक्षण आहे. परतीची वाट बंद झाल्यामुळे प्रवाह दुसऱ्या तारेतून शिरून पलीकडच्या बल्बमधून वाट काढतो.
- बल्ब थोड्याच दिवसांत पुन्हापुन्हा उडतात. व्होल्टेज जास्त आहे, नाहीतर बल्बच कमी आयुष्याचे घेतले आहेत.
- फक्त पावसात दिसत नाही. हा बहुतेक वेळा बिघाड नसतो. ओला डांबरी रस्ता आरशासारखा वागतो, उजेड परत तुमच्याकडे न येता पुढे निघून जातो. कोणताही बल्ब लावला तरी हे पूर्ण जात नाही.

या सगळ्यांवर लोक एकच उपाय करतात, जास्त वॅटचा नाहीतर पांढराशुभ्र बल्ब. पण गाडी नवी होती तेव्हा त्याच वॅटच्या बल्बवर तुमचं भागत होतं ना? मग मधल्या काळात उजेड कुठे तरी अडला आहे. तो मोकळा करणं हे पहिलं काम. बल्बची निवड त्यानंतर, आणि तिथेही पॅकेटवरच्या आकड्यांकडे जरा सावधपणे बघायला हवं.

समोरची काच, आतूनही

वाइपरचा भाग सगळे पुसतात, काचेची आतली बाजू क्वचितच कोणी पुसतं. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून निघणारी वाफ, धूळ आणि श्वासातला ओलावा यांचा तेलकट थर तिथे बसतो. दिवसा तो दिसत नाही. रात्री समोरचा दिवा पडला की हा थर उजळतो आणि त्याच्यामागचा रस्ता दिसेनासा होतो. काच धुण्याच्या द्रवाने आणि स्वच्छ सुती फडक्याने दोनदा पुसा, दुसऱ्यांदा कोरड्या फडक्याने. वाइपरचे रबर कडक झाले असतील तर तेही बदला.

याच टप्प्यावर एक गोष्ट मनापासून सांगतो. दिव्यांमध्ये काही फरक नसताना दरवर्षी जास्त अंधार वाटत असेल, समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसत असतील, तर डोळे तपासून घ्या. वयाप्रमाणे रात्रीची नजर मंदावते, मोतीबिंदूची सुरुवातही अशीच जाणवते. त्यावर बल्ब हा इलाज नाही.

झोताची पातळी

फुकटात होणाऱ्या तपासण्यांमध्ये सगळ्यांत जास्त फरक हिच्याने पडतो. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर हेडलाइट वर-खाली करायची छोटी चकती असते. ० म्हणजे झोत सर्वांत वर, आकडा वाढेल तसा खाली. मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक उचललं जातं, तेव्हा झोत खाली आणायची ती सोय आहे. सामान उतरलं तरी चकती ३ वरच राहिलेल्या गाड्या मी अनेकदा पाहिल्या आहेत. ती ० वर आणली की तक्रार संपते.

चकती ठीक असेल तर भिंतीवर मोजा. सपाट जमिनीवर, टायरमध्ये हवा बरोबर असताना, हेडलाइट भिंतीपासून १० मीटरवर येतील अशी गाडी उभी करा. जमिनीपासून हेडलाइटच्या मध्यबिंदूची उंची मोजा आणि तेवढ्याच उंचीवर भिंतीला टेप लावा. डिपर लावल्यावर झोताची वरची कड त्या टेपच्या साधारण १० सेंटीमीटर खाली दिसायला हवी. हा १ टक्क्याचा उतार झाला. तुमच्या गाडीसाठी नेमका किती हवा तो आकडा बहुतेक हेडलाइटवर किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेला असतो, तोच धरा.

एवढ्याशा उतारावर किती अवलंबून आहे बघा. हेडलाइट ६५ सेंटीमीटर उंचीवर असेल आणि उतार १ टक्का असेल, तर झोताची कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. उतार २ टक्के झाला की ती ३२ मीटरवरच टेकते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे हे अंतर दीड सेकंदात संपतं. अशा गाडीत दुप्पट प्रखर बल्ब लावला तर बंपरसमोरचा तुकडा आणखी उजळेल, त्याने डोळ्याची बाहुली आकसेल, आणि लांबचं आणखी कमी दिसेल.

हेडलाइटच्या मागे समायोजनाचे स्क्रू असतात, एक वर-खालीचा, एक डाव्या-उजव्याचा. वर-खालीचा स्क्रू थोडाथोडा फिरवून कड जागेवर आणा. छापलेल्या पातळीच्या वर मात्र नेऊ नका, समोरच्याला काही क्षण काहीच दिसत नाही. स्क्रू फिरवूनही झोत हलत नसेल तर आतली प्लॅस्टिकची खुंटी तुटली आहे. तिथे जोर लावणं थांबवा.

हेडलाइटची काच

आजची बहुतेक हेडलाइटची ‘काच’ पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची असते. तिच्यावर ऊन सोसणारा पातळ लेप असतो. तो वर्षांनुवर्षांच्या उन्हाने झिजला की खालचं प्लॅस्टिक पिवळं आणि धुरकट होतं. अशी काच उजेड अडवते, आणि जो जाऊ देते तो विस्कटून टाकते. त्यामुळे रस्त्यावर कमी दिसतं आणि समोरच्याला मात्र जास्त लागतं.

दोष बाहेरचा की आतला, हे ओळखायला काचेवर पाणी ओता. ओली असताना ती स्वच्छ दिसली तर धुरकटपणा बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि निघेल. पाण्याने फरक पडला नाही तर तो आतून आहे. मग बाहेरून कितीही घासलं तरी उपयोग नाही.

बाहेरचा असेल तर भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावा. ८०० किंवा १००० नंबरच्या वॉटर पेपरने, सतत पाणी सोडत, पिवळा थर पूर्ण निघेपर्यंत घासा. मग २०००, मग ३०००, आणि शेवटी पॉलिश. त्यानंतर अतिनील किरणं रोखणारा लेप लावायलाच हवा. घासताना कारखान्याचा उरलासुरला लेपही गेलेला असतो, त्यामुळे नवा लेप नसेल तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी पडते. टूथपेस्टने चमकवलेल्या काचांचं हेच होतं.

बल्ब नीट बसलाय का

दिवे बंद करून बल्ब पूर्ण थंड होऊ द्या, मग तो काढून बघा. एच४ ला तीन कान असतात आणि त्यातला एक बाकीच्यांपेक्षा रुंद असतो, म्हणजे तो एकाच पद्धतीने बसतो. घाईत तिरका दाबून वरून स्प्रिंग अडकवलेले बल्ब फार सापडतात. फिलामेंट रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूपासून एखाद-दुसरा मिलिमीटर हललं तरी झोत फाटतो. ‘नवे बल्ब लावले आणि आणखीच कमी दिसायला लागलं’ या तक्रारीत मी सगळ्यांत आधी हेच पाहतो.

बल्बची काच आतून काळी किंवा राखाडी झाली असेल तर त्याचं आयुष्य संपत आलं आहे. तारेतलं टंगस्टन उडून काचेवर बसलेलं असतं. कपलर तपकिरी किंवा वितळलेला असेल तर तिथला संपर्क सैल आहे आणि सैल संपर्क तापतोय. बल्ब बदलून ते थांबत नाही, कपलर बदलावाच लागतो.

नव्या हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तापल्यावर तिथला क्वार्ट्झ खराब होतो आणि बल्ब लवकर जातो. चुकून लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळवून मगच बसवा. आत दाबाखालचा वायू असतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा असू द्या.

व्होल्टेज

इथे मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं छोटं यंत्र) लागतो. बल्बचे लुमेन (उजेडाचं माप) १३.२ व्होल्टवर मोजलेले असतात. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, साधारण ३.४ व्या घाताने कमी होतो. म्हणजे बल्बला १२.५ व्होल्ट मिळत असतील तर सुमारे १७ टक्के उजेड गेला, आणि १२ व्होल्टच मिळत असतील तर २८ टक्क्यांच्या आसपास. दीड व्होल्टही कमी झालेलं नाही आणि चौथ्या भागाहून जास्त उजेड नाहीसा. जुन्या वायरिंगच्या गाड्यांत हे नेहमी आढळतं.

मोजणी अशी करा. इंजिन चालू, डिपर लावलेला. बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा, साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. मग बल्ब जोडलेला असतानाच कपलरच्या मागून टोकं घालून मोजा. बल्ब काढून नुसत्या कपलरवर मोजलं तर प्रवाह वाहत नाही, व्होल्टेज कुठे पडत नाही, आणि मीटर पूर्ण आकडा दाखवून तुमची खोटी समजूत घालतो. बॅटरी आणि बल्ब यांतला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग चांगलं आहे. एक व्होल्टच्या वर असेल तर प्रखर बल्बचे पैसे वायरिंगवर खर्च करा.

फरक कोणत्या बाजूला पडतोय तेही लगेच कळतं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं बल्बच्या अर्थिंगच्या पिनवर. इथे ०.२ व्होल्टहून जास्त आलं तर अर्थिंग खराब. बॉडीला जोडलेला तो बोल्ट काढा, गंज आणि रंग चकाकीपर्यंत खरवडा, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) साफ करा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. एकच बाजू मंद असण्यावर मला तरी हा उपाय सर्वांत जास्त लागू पडलेला दिसतो.

बॅटरीवरच १३ च्या खाली आकडा आला, किंवा १५ च्या वर गेला, तर हेडलाइट सोडा आणि चार्जिंग तपासून घ्या. जास्त व्होल्टेजने उजेड वाढतो खरा, पण ५ टक्के वाढीतच बल्बचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. काही नव्या गाड्यांत मात्र हेडलाइटला वीज कंट्रोल युनिटमधून तुटक स्पंदांनी दिली जाते आणि अल्टरनेटरचं व्होल्टेजही गाडी स्वतः कमी-जास्त करते. तिथे साध्या मीटरच्या आकड्यांवर निर्णय घेऊ नका.

आता बल्बची निवड

इथवर सगळं ठीक असेल तरच बल्ब बदलून मिळणारा फायदा खरा असतो.

वॅट म्हणजे बल्ब किती वीज खातो ते. उजेड लुमेनमध्ये मोजतात. एच४ डिपरला ५५ वॅट आणि सुमारे १००० लुमेन, अप्परला ६० वॅट आणि १६५० लुमेन. एच७ तेवढ्याच ५५ वॅटमध्ये १५०० लुमेन देतो. एच११ सुमारे १३५०. तुमच्या हेडलाइटला जो प्रकार आहे तोच घ्यायचा. कान कापून किंवा अडॅप्टर लावून दुसरा बसवायचा नाही, कारण तारेची जागा बदलते.

‘१३० टक्के जास्त प्रखर’ असं लिहिलेल्या बल्बमध्ये एकूण उजेड दुपटीहून जास्त नसतो, असूच शकत नाही. मानकाने लुमेनला वर-खाली मर्यादा घातली आहे, एच४ ला १५ टक्के आणि एच७ ला १० टक्के. ही टक्केवारी रस्त्यावरच्या ठरावीक जागेची असते, तीही कायद्याने लागणाऱ्या किमान उजेडाशी तुलना करून. पण हे बल्ब खोटे नाहीत. त्यांची तार जास्त दाट गुंडाळलेली आणि जास्त तापणारी असते, त्यामुळे झोत एकवटतो आणि लांबवर खरोखर जास्त दिसतं. किंमत आयुष्यात मोजावी लागते, साध्या बल्बच्या बरेचदा निम्म्याच्या आसपास. रात्रीचा प्रवास जास्त असेल तर मी हेच सुचवतो. कधीतरीच रात्री गाडी काढत असाल तर चांगल्या कंपनीचे साधे नवे बल्ब पुरतात. कोणतेही घ्या, जोडीने बदला.

निळसर काचेचे ‘पांढरा उजेड’ देणारे बल्ब टाळा. हॅलोजनचा स्वाभाविक रंग ३२०० केल्व्हिनच्या जवळ असतो. निळा लेप त्यातला पिवळा-तांबडा भाग गाळून टाकतो, म्हणजे तयार झालेला उजेड बल्बमध्येच अडवतो. केल्व्हिन हा रंगाचा आकडा आहे, तो वाढला म्हणजे उजेड वाढला असं नाही.

१००/९० वॅटचे (अप्पर १००, डिपर ९०) बल्ब मूळ वायरिंगवर लावू नका. ६० वॅटच्या बल्बला १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात, १०० वॅटच्याला ८ हून जास्त. वायर, स्विच, कपलर तेवढ्यासाठी बनवलेले नसतात. वायरमध्ये व्होल्टेज आणखी पडतं, कपलर वितळतो, रिफ्लेक्टरची चमक जळते. बहुतेक देशांत ते रस्त्यावर कायद्याने चालतही नाहीत.

एलईडी बल्बबद्दल. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरचा आकार एका बारीक, गोल तारेसाठी काढलेला असतो. एच४ मध्ये डिपरच्या तारेखाली धातूची एक वाटी असते, तिच्यामुळे रिफ्लेक्टरचा खालचा भाग अंधारात राहतो आणि झोताला वरची कड मिळते. एलईडीच्या चिप्स पट्टीच्या दोन बाजूंना असतात. त्यांची जागा, जाडी, वाटीचा आकार यांत थोडा जरी फरक असला तरी उजेड कडेच्या वर सांडतो. गाडीत बसून ‘केवढा उजेड’ वाटतं, कारण जवळचा रस्ता पांढरा होतो. भिंतीवर पाहिलं की कड विस्कटलेली दिसते. जर्मनीसारख्या देशात २०२० पासून ठरावीक गाड्यांसाठी ठरावीक एलईडी बल्बना मान्यता मिळाली आहे, तीही त्या त्या हेडलाइटमध्ये चाचणी झाल्यावरच. तुमच्या गाडीच्या हेडलाइटसाठी अशी मान्यता नसेल तर माझा सल्ला हॅलोजनचाच.

रिले

व्होल्टेज पडतंय आणि अर्थिंग साफ आहे, मग वायर किंवा स्विच बदलायचा. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. रिले (थोड्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच) लावले की बॅटरीपासून जाड, २.५ चौरस मिलिमीटरची वायर फ्यूजमार्गे थेट हेडलाइटला जाते आणि जुनी वायर फक्त रिलेला इशारा देते. डिपरला एक, अप्परला एक. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, कारण त्याच्या आधी वायर घासून बॉडीला लागली तर आग लागते. क्रिंपिंगचं अवजार नसेल, किंवा बॅटरीपासून वायर ओढण्याची सवय नसेल, तर हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनला द्या. ज्या गाडीत कंट्रोल युनिट हेडलाइट चालवतं, तिथे हा उपाय स्वतः करूच नका.

इथे थांबा

बल्ब काढून आत टॉर्च मारा. रिफ्लेक्टर आरशासारखा न दिसता राखाडी, सोललेला किंवा जळल्यासारखा दिसला, तर पुसायला जाऊ नका. तो ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो, फडक्याने निघून येतो. हेडलाइटचा पूर्ण संच बदलणं हाच मार्ग. आत पाणी साचत असेल किंवा काच आतून धुरकट असेल तरीही तेच.

झेनॉन दिवे असतील तर हात लावू नका. ते पेटताना २० हजार व्होल्टच्या वर जातात. फ्यूज पुन्हापुन्हा उडतो, वायर गरम लागते, जळल्याचा वास येतो, यातलं काहीही असेल तर दिवे बंद करा, गाडी रात्री चालवू नका आणि माहीतगार माणसाकडे न्या. मूळ एलईडी हेडलाइटमध्ये बल्ब सुटा मिळत नाही, तिथे काम सर्व्हिस सेंटरचंच.

संच बदलला, बल्ब बदलला किंवा पुढच्या सस्पेन्शनचं काम झालं, तर झोताची पातळी पुन्हा लावावी लागते. भिंतीवर तुम्ही ती जवळपास बरोबर आणू शकता. संच बदलला असेल तर मात्र मशिनवर लावून घ्या, आणि त्या वेळी चकती ० वर, टायरमध्ये हवा बरोबर आणि गाडीत नेहमीइतकंच वजन असू द्या.